जुळे भाऊ आणि एक दुखरा गुडघा: सोलापुरातील शालेय खो-खो संघाचे प्रकरण

या प्रकरणातील दोन्ही मुले, त्यांचे कुटुंब आणि शाळा यांची ओळख उघड होऊ नये म्हणून नावे वगळली आहेत आणि काही किरकोळ तपशील बदलले आहेत. जन्माच्या क्रमाने मी त्यांना थोरला आणि धाकटा म्हणणार आहे. दोघांत दहा मिनिटांचे अंतर असले, तरी धाकटा भावाला नेहमी ‘अण्णा’ म्हणत असे. मी त्या शाळेत क्रीडाशिक्षक होतो. येथे नोंदवलेले बहुतेक निर्णय माझे होते आणि त्यांतील काही चुकलेलेही होते.

पार्श्वभूमी

शाळा सोलापूर शहराच्या पूर्व भागातील आहे. या भागात यंत्रमागांचा खडखडाट दिवसरात्र चालू असतो, अनेक घरांतील स्त्रिया विड्या वळतात, घरात तेलुगू आणि शाळेत मराठी बोलत मुले मोठी होतात. या मुलांचे वडील अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या मागावर होते आणि आई घरी विड्या वळत असे. खेळासाठी लागणारी प्रत्येक वस्तू, मग ती बूट असो की विभागीय स्पर्धेचा प्रवासखर्च, या घराला एकदम दोन घ्याव्या लागत. एका देणगीदाराने एकदा ‘जुळ्यांच्या जोडीला’ म्हणून बुटांचा एकच जोड दिला होता. तो दोघांनी आलटून पालटून वापरला. त्या वेळी आम्हा सर्वांना त्याचे कौतुकच वाटले होते.

दोघेही सहावीत असताना खो-खोला आले. खो-खोच्या बचावात तीन-तीन धावपटूंची तुकडी मैदानात उतरते आणि आक्रमकाला चुकवत ठरलेला वेळ काढते. आक्रमक एकाच्या मागे लागला की उरलेले दोघे कडेने गोल धरून दम खातात, आणि पाठीवर आक्रमक असलेला धावपटू दमू लागला की तो साखळी खेळत, म्हणजे बसलेल्या गड्यांमधून नागमोडी धावत, आक्रमकाला आपल्या साथीदाराकडे घेऊन येतो. ही देवघेव नेमक्या क्षणी व्हावी लागते. इतर मुलांना ती शिकवायला मला दोन हंगाम लागत. हे दोघे मात्र एकमेकांकडे न पाहता ती करत. आक्रमणात थोरला मधल्या चौकोनात बसे, कारण मिळालेल्या खोवर तो इतरांपेक्षा लवकर उठत असे. धाकट्याचे बलस्थान खांबाजवळ होते. धावत येऊन खांबाला हात घालत त्याने मारलेला सूर पाहायला दुसऱ्या शाळांची मुले कडेला येऊन बसत.

महापालिका क्षेत्रातील शाळा मनपा स्तरावर जिंकली की थेट विभागीय स्पर्धेला जाते. आठवीत असताना या दोघांच्या बळावर आमचा १४ वर्षांखालील संघ विभागापर्यंत पोहोचला. नववीत ते १७ वर्षांखालील गटात आले आणि वयाने मोठ्या मुलांसमोर खेळूनही मनपा स्तरावरचे विजेतेपद आमच्याकडे आले. त्या दिवसापासून शाळेत, गल्लीत आणि माझ्याही तोंडी त्यांचा उल्लेख ‘जोडी’ असाच होऊ लागला. सरावाच्या वहीत इतर मुलांपुढे स्वतंत्र खुणा असत, पण या दोघांपुढे मी महिरपी कंस काढून एकच खूण करत असे. हा तपशील वरवर क्षुल्लक वाटेल, पण पुढच्या साऱ्या घटनांचे मूळ मला त्या कंसातच दिसते.

अडचण

मनपा स्पर्धा संपून विभागीय स्पर्धेला साधारण तीन आठवडे उरले होते. पावसाळा सरून मैदान पुन्हा टणक झाले होते आणि मी आक्रमणाच्या सरावावर भर दिला होता. खो-खोत बसलेला गडी उकिडवा असतो आणि खो मिळताच त्याला तशा अवस्थेतून झेप घ्यावी लागते. ही उठ-बस एका सत्रात मी पन्नास ते साठ वेळा करून घेत असे. सोयीसाठी संघाचे दोन गट केले होते. एक गट उठ-बस करी, तेव्हा दुसरा साखळीचा सराव करी, आणि मग अदलाबदल होई. थोरला पहिल्या गटात चार क्रमांकाची बंडी घालून असे आणि धाकटा दुसऱ्या गटात सात क्रमांकाची.

आठ दिवस असा सराव चालल्यानंतर एका सकाळी उठ-बस करणाऱ्या चार क्रमांकाच्या मुलाच्या हनुवटीवर मला जुन्या जखमेचा व्रण दिसला. तो व्रण धाकट्याचा होता, सातवीत खांबावर आपटून पडलेला. मी सराव थांबवून दोघांना बाजूला घेतले. थोड्या टाळाटाळीनंतर कळले ते असे: थोरल्याचा उजवा गुडघा महिन्याभरापासून दुखत होता आणि जिना उतरताना व उकिडवे बसताना कळ असह्य होई. म्हणून दोघे भाऊ गट बदलण्याच्या गडबडीत बंड्या बदलत आणि दोन्ही गटांची उठ-बस धाकटाच काढत असे. थोरला दोन्ही वेळा फक्त साखळीत, तीही संथ गतीने धावत असे. आठ दिवस एका मुलाने दोघांचे श्रम केले होते, दुसरा वेदना लपवत होता आणि मी समोर उभा राहून दोघांनाही शाबासकी देत होतो.

यात दोन वेगवेगळे प्रश्न होते आणि त्यांची सरमिसळ होऊ न देणे मला आवश्यक वाटले. पहिला गुडघ्याचा. दुसरा प्रश्न होता ही अदलाबदल अधिकृत सामन्यातही झाली होती का, हा. शालेय स्पर्धेचे प्रमाणपत्र खेळाडूच्या नावावर असते, दहावीच्या परीक्षेतील सवलतीच्या गुणांसाठी आणि पुढे शासकीय नोकरीतील खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणासाठीही स्पर्धांच्या प्रमाणपत्रांची पडताळणी होते. बाद झालेला भाऊ दुसऱ्याच्या क्रमांकाने पुन्हा उतरला असता, तर तो सरळ गैरप्रकार ठरला असता. मी मनपा स्पर्धेची गुणपत्रके काढली, तुकड्यांचा क्रम पाहिला आणि संघातील इतर मुलांशी बोललो. दोघे प्रत्येक सामन्यात एकाच तुकडीत उतरले होते, त्यामुळे बाद झालेल्याने पुन्हा येणे शक्यच नव्हते. अदलाबदल सरावापुरतीच होती याची माझी खात्री पटली.

गुडघ्यासाठी आम्ही अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेलो. तपासणी आणि क्ष-किरण चित्रानंतर निदान झाले ते ऑसगुड-श्लॅटर या विकाराचे. मांडीच्या पुढच्या स्नायूंची ओढ गुडघ्याच्या वाटीवरून येणाऱ्या कंडरेतून, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट पट्ट्यातून, नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकावर पडते. वाढत्या वयात ती जागा अजून कूर्चेची, म्हणजे मऊ हाडाची, असते, पूर्ण हाड झालेली नसते, आणि उंची झपाट्याने वाढत असताना उड्या, धावणे व उठ-बस यांचा मारा झाला की तेथे सूज येऊन टेंगूळ हाताला लागते. साधारण बारा ते पंधरा वर्षांच्या, मैदानी खेळ खेळणाऱ्या मुलांत हा त्रास नेहमी दिसतो आणि वाढ पूर्ण झाली की बहुतेकांचा तो थांबतो. मात्र तोपर्यंत भार कमी करणे, बर्फाने शेकणे, मांडीच्या स्नायूंना ताण देण्याचे व्यायाम करणे आणि वेदनेच्या मर्यादेत राहणे हाच उपाय असतो. डॉक्टरांनी उठ-बस आणि सूर पूर्ण बंद करायला सांगितले. स्पर्धेत खेळू द्यावे का, या प्रश्नावर त्यांचे उत्तर स्पष्ट होते: पट्टी बांधून तो एक-दोन सामने खेळू शकेल, पण दुखणे लांबेल.

दोघांची जनुके सारखी, घर एक, ताट एक, सराव एक, मग एकाचाच गुडघा का, असे आईने विचारले. मला उत्तर द्यायला वेळ लागला. सराव एक नव्हताच. मधल्या चौकोनातील गड्याला सर्वांत जास्त वेळा उठावे लागते आणि दोन वर्षे त्या चौकोनात मी थोरल्यालाच बसवत आलो होतो.

समोर असलेले पर्याय

मुख्याध्यापकांच्या दालनात झालेल्या बैठकीत चार मार्ग पुढे आले. थोरल्याला पट्टी बांधून पूर्ण सामना खेळवावा, असे शाळेतील काहींचे मत होते, कारण विभाग जिंकला तर शाळा राज्य स्पर्धेला जाणार होती. त्याला फक्त बचावात उतरवावे आणि आक्रमणात बसवू नये, असा मधला मार्ग मी स्वतः सुचवला होता. पण खो-खोत आक्रमणाला नऊ गडी लागतातच, आणि साखळी खेळताना गुडघ्यावर येणारा ताणही थोडाथोडका नसतो, हे मांडणी करतानाच माझ्या लक्षात आले. तिसरा मार्ग आईचा होता. ती म्हणाली, “सर, दोघं जातील, नाहीतर दोघं बी घरी राहतील. एकाला नेऊन एकाला ठेवलं, तर मी घरात कुणाकडं बघू?” धाकट्याने एकट्याने खेळावे आणि थोरल्याने विश्रांती घ्यावी, हा चौथा मार्ग मांडायला बैठकीत कुणी फारसे उत्सुक नव्हते.

आईच्या बोलण्याला केवळ भावना समजून बाजूला सारणे चुकीचे ठरले असते. तिचा प्रश्न खराच होता. जुळ्या भावांत एकाची जागा दुसऱ्याला मिळते तेव्हा काय होते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण क्रिकेटमध्ये आहे. जानेवारी १९९१ मध्ये ॲडलेड येथे मार्क वॉला ऑस्ट्रेलियाकडून पहिली कसोटी मिळाली ती जुळा भाऊ स्टीव्ह याला वगळून, आणि त्या सामन्यात मार्कने १३८ धावा केल्या. पुढे दोघेही वर्षानुवर्षे एकाच संघात खेळले आणि १९९९ चा विश्वचषक स्टीव्हच्या नेतृत्वाखाली दोघांनी मिळून जिंकला. परंतु ते दोघे तेव्हा पंचविशीतले व्यावसायिक खेळाडू होते. आमच्यासमोर चौदा वर्षांची मुले होती, आणि त्यांना स्वतःला काय हवे आहे हे बैठकीतील एकाही माणसाला ठाऊक नव्हते. मी बैठक तेथेच थांबवण्याची विनंती केली.

प्रत्यक्षात काय केले

दुसऱ्या दिवशी मी दोघांशी स्वतंत्रपणे बोललो. तीन वर्षांत मी त्यांच्यापैकी कुणाशीही, दुसरा जवळ नसताना, पाच मिनिटांपेक्षा जास्त बोललो नव्हतो. त्यासाठी वेळ काढणेही सोपे गेले नाही. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येते आणि पाण्याच्या दिवशी त्या घरातील एका मुलाला भरायला थांबावे लागे. त्या दिवशी घरी थोरला होता, म्हणून मी आधी धाकट्याशी मैदानावर बोललो आणि मग थोरल्याशी त्याच्या घरी, हंडे भरून झाल्यावर.

धाकटा म्हणाला की त्याला एकट्याने खेळायची भीती वाटत नाही. उलट खांबावर सूर मारताना मागे अण्णा बसला आहे की नाही, हे त्याला आठवतही नाही. त्याला भीती होती ती लोक काय म्हणतील याची. भावाचा पाय मोडला आणि हा चषक घेऊन आला, असे कुणी म्हणेल, असे त्याला वाटत होते.

थोरल्याचे बोलणे मला अधिक लागले. तो म्हणाला, “सर, मला महिनाभर थांबायचंच होतं. पण मी थांबलो असतो तर तुम्ही त्यालापण बसवलं असतं ना? तुम्ही नेहमी म्हणता, जोडी आहे तर संघ आहे.”

मी ते वाक्य खरोखरच म्हणत असे आणि प्रोत्साहन म्हणून म्हणत असे. त्या वाक्यामुळे एका मुलाने महिनाभर कळ सोसली होती. मी त्याला तेथेच सांगितले की संघातील दोघांच्या जागा वेगळ्या आहेत, एकाच्या दुखण्यामुळे दुसऱ्याची जागा जाणार नाही, आणि हे मी आजवर नीट सांगितले नाही ही माझी चूक आहे. त्यानंतर त्याने, आईसमोर आणि कुणी न विचारता, धाकट्याने खेळावे असे स्वतःच्या तोंडाने सांगितले. आईने होकार दिला, पण एक अट घातली: थोरलाही सर्वांबरोबर जाईल, घरी एकटा राहणार नाही.

या अटीतून पुढचा निर्णय निघाला आणि त्यात मी चुकलो. संघात बारा नावे द्यायची होती, नऊ मैदानात आणि तीन राखीव. थोरल्याला बरोबर न्यायचे म्हणून मी त्याचे नाव बारांत कायम ठेवले. त्यामुळे आठवीतील एका मुलाचे नाव गळले. तो मुलगा तेरावा होता आणि सर्व सरावांना न चुकता आला होता. थोरल्याला संघाचा मदतनीस म्हणून नेता आले असते, त्याचा प्रवासखर्च आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढून केला असता. ते मला त्या वेळी सुचले नाही.

एक तयारी मात्र योग्य झाली. स्पर्धेच्या आयोजकांना मी आधीच लेखी कळवले की आमच्या संघात दिसायला एकसारखे जुळे भाऊ आहेत, त्यांच्यापैकी एक वैद्यकीय कारणाने खेळणार नाही आणि धाकट्याच्या हनुवटीवर व्रण आहे. दोघांची ओळखपत्रे व जन्मदाखले सोबत जोडले होते. दुसऱ्याच सामन्यात प्रतिस्पर्धी शिक्षकांनी आक्षेप घेतला की बाद झालेला सात क्रमांकाचा खेळाडू पुढच्या तुकडीतून पुन्हा उतरेल. त्यांची शंका रास्त होती, त्यांच्या जागी मीही ती घेतली असती. मुख्य पंचांनी पत्र पाहिले, व्रण पाहिला, थोरल्याला गुणलेखकाच्या टेबलाशेजारी बसवले आणि दोन मिनिटांत खेळ सुरू झाला.

परिणाम

टेबलाशेजारी बसलेल्या थोरल्याने फावल्या वेळात समोरच्या संघातील प्रत्येक आक्रमक खो देण्यापूर्वी कोणत्या बाजूला झुकतो, हे वहीच्या पानावर टिपायला सुरुवात केली. गुणलेखकाजवळ बसून सामना चालू असताना सूचना देणे योग्य नाही, म्हणून मी त्याला ते पान फक्त मध्यंतरात दाखवायला सांगितले. त्याच्या टिपणांचा आम्हाला त्या सामन्यात स्पष्ट उपयोग झाला. जो मुलगा तोपर्यंत आपल्या दुखण्यामुळे ओशाळलेला दिसत होता, त्याच्याभोवती इतर मुले जमून प्रश्न विचारू लागली.

उपांत्य सामन्यात आमच्या एका गड्याचा घोटा मुरगळला. एक राखीव खेळाडू आधीच उतरला होता, आता दुसरा उतरला, आणि शेवटच्या पाळीत तोही धापा टाकू लागला. थोरला उठून माझ्याजवळ आला आणि म्हणाला, “सर, तीन मिनिटंच आहेत. मी उतरतो.” त्याचे नाव यादीत होते. नियमाने तो उतरू शकत होता. मुख्याध्यापक प्रेक्षकांत बसले होते आणि ते माझ्याकडे पाहत होते. मी नाही म्हणालो. आम्ही तो सामना एका गुणाने हरलो.

तो एक गुण थोरल्यामुळे मिळाला असता की नाही, हे कुणीच सांगू शकत नाही. परतीच्या प्रवासात त्याने मला काही विचारले नाही. धाकटा त्याच्या शेजारी न बसता पुढे, घोटा मुरगळलेल्या मुलाजवळ बसला होता. शाळेत पुढचे काही दिवस मला नाराजीला सामोरे जावे लागले, आणि ती नाराजी मला अन्यायाची वाटली नाही, कारण राज्य स्पर्धेची संधी संपूर्ण संघाची होती.

थोरल्याचा गुडघा सावकाश सुधारला. साधारण दहा आठवड्यांनी तो वेदनेशिवाय जिना उतरू लागला, त्यानंतर महिन्याभराने हलके धावू लागला आणि दहावीच्या हंगामात संघात परतला. तेव्हा मी दोघांना वेगळ्या तुकड्यांत घातले. सुरुवातीला संघाचा बचाव कमकुवत झाला, हे मान्य करायला हवे. पण दोघांनीही आपापल्या तुकडीतील धाकट्या मुलांना ती देवघेव शिकवली, आणि त्या वर्षी मनपा स्तरावरील अंतिम सामन्यात आमच्या दोन तुकड्यांनी मिळून जो वेळ काढला, तो आदल्या वर्षी एकट्या ‘जोडी’च्या तुकडीने काढलेल्या वेळेपेक्षा जास्त होता. विभागात आम्ही पुन्हा हरलो, या वेळी पहिल्याच फेरीत.

पुन्हा करायचे झाल्यास

सर्वांत आधी मी वहीतील तो कंस काढून टाकला असता. आता माझ्या वहीत प्रत्येक खेळाडूची उभी उडी, ६×१० मीटर शटल धाव आणि महिन्याची उंची स्वतंत्र नोंदली जाते. जुळ्या भावंडांच्या बाबतीत या नोंदी मी मुद्दाम शेजारी ठेवतो, कारण सारख्या शरीरांच्या आकड्यांत अचानक अंतर पडले तर ती दुखण्याची पहिली खूण असू शकते. त्या वर्षी असे केले असते, तर थोरल्याची उडी धाकट्यापेक्षा कमी पडू लागलेली मला हनुवटीच्या व्रणाआधी तीन आठवडे दिसली असती.

दुखण्याची चौकशी मी तेव्हा फक्त लंगडणाऱ्या मुलाकडे करत असे. आता दर सोमवारी प्रत्येकाला विचारतो आणि ती विचारणा एकेकट्याला करतो. संघासमोर विचारले की कुणालाच काही दुखत नसते. मधल्या चौकोनात एकच मुलगा हंगामभर बसत नाही. उठ-बस मी निम्म्याने कमी केली आहे आणि ती टणक मैदानाऐवजी शक्य तेथे मऊ मातीच्या पट्ट्यात घेतो. मोठ्या स्पर्धा आता मॅटवर होतात, पण शाळेच्या मुलांचा जवळजवळ सगळा सराव मातीवरच होतो आणि ऑक्टोबरनंतरची सोलापूरची माती किती कठीण असते, हे येथील क्रीडाशिक्षकांना सांगायला नको.

बाराव्या नावाचा निर्णय मी आज उलटा घेईन. तो आठवीतला मुलगा यादीत असता, तर उपांत्य सामन्यात मैदानात उतरवायला ताजा गडी मिळाला असता, आणि जखमी मुलावर स्वतःला पुढे करण्याची वेळ आली नसती. मी त्या तीन मिनिटांत ठाम राहिलो, याचे काही सहकाऱ्यांनी कौतुक केले. परंतु तो पेच मीच, यादीवर सही करताना, तयार केला होता. पुढच्या वर्षी त्या मुलाला मी संघात घेतले, तेव्हा त्याच्या वडिलांनी फक्त एवढेच विचारले की या वेळी तो खेळणार आहे की फक्त येणार आहे.

बंड्या बदलल्याबद्दल मी दोघांना कोणतीही शिक्षा केली नाही. यावर माझे सहकाऱ्यांशी एकमत झाले नाही. त्यांच्यापैकी एकाचे म्हणणे असे की सरावात खपलेली अदलाबदल उद्या सामन्यात होते, म्हणून तेथेच कडक व्हायला हवे होते. मी शिक्षेऐवजी दोघांना गुणपत्रक, प्रमाणपत्र आणि पडताळणी यांचा संबंध समजावून सांगितला आणि पंचांना द्यायचे पत्र धाकट्याकडूनच लिहून घेतले. ते पुरेसे होते का, याबद्दल मी आजही ठाम नाही.

दहावीनंतर धाकटा कनिष्ठ महाविद्यालयाच्या संघातून खेळू लागला. थोरल्याने आयटीआयला प्रवेश घेतला आणि तो रविवारी आमच्या मैदानावर येतो, वही घेऊन गुणलेखकाच्या जागी बसतो आणि पंच परीक्षेची तयारी करतो. मागच्या हंगामात आमच्या संघात जुळ्या बहिणी आल्या. पहिल्या दिवशी त्यांची नावे वहीत लिहिताना तो शेजारी होता. त्याने दोन नावांमध्ये एक ओळ रिकामी सोडायला सांगितली.